राखण आणि पाळत

मुलांच्या हातातील मोबाईल आईबापांनी उघडून वाचावा किंवा कसे, हा प्रश्न अलीकडे सभासद कुटुंबांत इतक्या वेळा निघतो की, त्याचा थोडा सविस्तर विचार या अंकी करावा असे आम्हांस वाटले. कीर्तन आटोपून मंडळी प्रसादासाठी मंडपात बसली की बायकांच्या पंगतीस हाच विषय, पुरुषांच्या पंगतीसही हाच. एक पक्ष म्हणतो, मूल आपले आहे, मोबाईल आपण घेऊन दिला आहे, दरमहा रिचार्जचे पैसे आपण भरतो; तेव्हा त्यात काय चालले आहे हे पाहण्याचा आपणांस अधिकारच आहे. दुसरा पक्ष म्हणतो की, मुलासही त्याचे स्वतःचे असे एक मन असते, आणि त्या मनाची कडी न वाजवता आत शिरणे हे सभ्यतेस धरून नाही. दोन्ही पक्ष बोलतात ते अधिकाराविषयी. ज्याच्यासंबंधी हा वाद चालतो ते मूल मात्र त्या वेळी मंडपाच्या खांबास टेकून, मान खाली घालून, त्याच मोबाईलात पाहत बसलेले असते. आणि त्याचे मत कोणी विचारीत नाही.

आपल्या भाषेत या बाबतीत दोन निरनिराळे शब्द आहेत. आपण शेताची राखण करतो आणि चोरावर पाळत ठेवतो. जोंधळ्यास दाणा भरू लागला की माळ्यावर बसलेला राखणदार हातात गोफण घेऊन चहूकडे पाहतो. त्याची नजर पाखरांकडे असते, बांधापलीकडून येणाऱ्या डुकरांकडे असते. कणसाविषयी त्याच्या मनात संशय नसतो. उलट पाळत ठेवणारा मनुष्य ज्याच्यावर पाळत ठेवतो त्याच्याकडेच टक लावून पाहतो, आणि आपण पाहत आहो हे त्यास कळू नये अशी खबरदारी घेतो. राखण ही उघड चालते. गोफणीचा फटकारा आणि राखणदाराची हाळी सगळ्या शिवारात ऐकू जाते. पाळत ही गुपचूप चालते. तेव्हा मोबाईल पाहावा की न पाहावा, याच्या आधीचा प्रश्न असा आहे की, आपण जे करणार आहो ते या दोहोंपैकी कोणते?

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. तो आमच्या या बडोदे शहराने एकदा मोठ्या प्रमाणावर करून दाखविला आहे. सयाजीराव महाराजांनी 1906 साली आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुलांस वाचता तर येऊ लागले, परंतु वाचावयास काही नसेल तर शिकलेले अक्षर चार वर्षांत विसरते, हे ध्यानी घेऊन त्यांनी 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास येथे आणिले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, गावोगाव वाचनालये निघाली, आणि जेथे वाचनालय निघणे शक्य नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून फिरती पुस्तके जाऊ लागली. या व्यवस्थेचे मर्म काय होते? कपाटात कोणती पुस्तके असावीत याचा निवाडा कोणीतरी जाणता मनुष्य करीत असे. त्या निवाड्याची जबाबदारी त्याच्यावर असे. निवड वाईट झाली तर त्यास विचारता येत असे. परंतु एकदा पुस्तक मुलाच्या हाती गेले की, त्याने कोणते पान दोनदा वाचले, कोणत्या ओळीशी तो थबकला, कोणते चित्र तो पुन्हा पुन्हा काढून पाहत होता, हे पाहण्यास त्याच्या खांद्यामागे कोणी उभे राहत नसे. कपाट राखलेले होते, वाचन मोकळे होते. त्या मोकळेपणातच मनुष्य घडतो. आपल्यास काय आवडते हे प्रथम आपले आपणांस, एकान्तात, कळावे लागते. मग त्यातले काय सोडावे आणि काय धरावे याचा विवेक त्यास सुचतो.

आता मुलाच्या हातातील मोबाईलकडे या दृष्टीने पाहा. तेथे ही व्यवस्था तंतोतंत उलटी झाली आहे. कपाट कोणीच राखीत नाही. जे कोणी बनवील ते तेथे येते, आणि पुढे काय दाखवावे हे मनुष्य ठरवीत नसून एक यंत्रगणित ठरविते. त्या गणितास चांगल्यावाइटाची जाण नाही. मुलाचे बोट कशावर थांबले आणि किती सेकंद थांबले एवढेच ते मोजते, आणि ज्यावर अधिक थांबले त्याच्यासारखे दुसरे पुढे आणून ठेवते. म्हणजे कपाट मोकळे, आणि वाचनावर मात्र पाळत! श्रेय आणि प्रेय यांचा भेद यमाने नचिकेत्यास सांगितला, तो आपणां सर्वांस ठाऊक आहे. या यंत्रास प्रेय तेवढे कळते, परंतु ते इतके बिनचूक कळते की मुलाच्या आईसही तितके कळत नसेल.

आमच्या वयाची मंडळी येथे लागलीच म्हणतील, ‘आमच्या वेळी असे नव्हते.’ यात तथ्य थोडे आणि अभिमान पुष्कळ आहे. कादंबऱ्या वाचून मुली बिघडतात असे एका पिढीने म्हटले, नाटकांच्या नादाने मुलगे वाया जातात असे त्याच पिढीने म्हटले, पुढे सिनेमावर तोच आरोप आला आणि त्यापुढे दूरदर्शनवर. यांपैकी कशानेही समाज बुडाला नाही. तेव्हा नव्या साधनास नुसते शिव्याशाप देण्यात अर्थ नाही. मोबाईलवरूनच आमच्यातील कित्येक मुलांनी 2020 आणि 2021 या करोनाच्या वर्षांत शाळा केली; वर्गांना कुलपे लागली असता शिक्षक त्या पडद्यावर दिसत होते, आणि तो मोबाईल मुलांच्या हातात आपणच, शाळेच्या सांगण्यावरून, ठेवला होता. ही गोष्ट विसरून ‘यांना हे व्यसन कोठून लागले’ असे विचारणे न्यायाचे नाही.

तथापि एक फरक खरा आहे, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. कादंबरी संपत असे. नाटकाचा पडदा पडत असे आणि पहाटे का होईना, प्रेक्षक घरी जात असत. थांबण्याची जागा त्या वस्तूतच असे. 2006 साली अझा रास्किन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने अशी रचना शोधून काढली की, पान कधी संपतच नाही. बोट वर सरकवीत जावे आणि खालून नवे येत राहावे. पुढे त्याने स्वतःच आपल्या या शोधाविषयी जाहीर खेद व्यक्त केला, परंतु तोवर तो जगभर पसरला होता. ज्या विहिरीला तळ नाही तिच्यात पोहरा सोडणाऱ्यास ‘पुरे कधी म्हणतोस?’ असे विचारण्यापूर्वी विहीर कोणी खणली हे विचारणे प्राप्त आहे. एक साधन बंद केल्यानेही हे काम भागत नाही. भारत सरकारने 2020 च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी घातली. त्याचा हेतू निराळा होता, तो असो. परंतु पंधरवड्याच्या आत त्याच धर्तीचे ‘रील्स’ इन्स्टाग्रामने येथे सुरू केले. एका गल्लीतले दुकान बंद झाले, शेजारचे उघडले, गिऱ्हाईक तेच.

निरनिराळ्या देशांची सरकारे आता राखणदाराच्या माळ्यावर चढू पाहत आहेत. ऑस्ट्रेलियाने 2024 साली कायदा करून सोळा वर्षांखालील मुलांस समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आणि 10 डिसेंबर 2025 पासून ती अंमलात आणली. त्या कायद्यातील एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. त्यात दंड मुलास नाही, आईबापांसही नाही. दंड कंपनीस आहे, आणि तो 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांपर्यंत जाऊ शकतो. आपल्याकडील 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील सर्वांस बालक मानून, त्यांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती घेण्याचे बंधन घातले, आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यास मनाई केली. नियम 2025 च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले आणि या बंधनांसाठी कंपन्यांस तेथून अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. कायद्याने काय साधेल हे कालांतराने दिसेल. परंतु कायद्यानेदेखील पाळत हा दोष मानला आहे, एवढे येथे नमूद करतो. कारण कंपनीने केली असता जो दोष ठरतो, तोच आपण घरी केला असता प्रेम ठरतो काय, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

त्याचे उत्तर देण्यापूर्वी आणखी एका गोष्टीकडे वळले पाहिजे, आणि ती काहींस रुचणार नाही. मुलांवर संस्कार कोण करतो? आपण म्हणतो, इंटरनेट करते. आम्ही म्हणतो, मुले आपणांसच पाहत असतात. 2018 सालच्या 1 जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावी, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांस जमावाने ठेचून मारले. ते मुले पळविणारे आहेत, अशी भुमका व्हॉट्सअ‍ॅपवरून त्या भागात अगोदरच पसरली होती. त्या दिवसांत देशभर जी चित्रफीत ‘मुले पळविणाऱ्यांचा पुरावा’ म्हणून फिरत होती, ती वस्तुतः कराचीत मुलांच्या सुरक्षिततेचा प्रचार करण्यासाठीच तयार केलेली होती. तिचा शेवटचा, खुलासा करणारा भाग कोणीतरी कापून टाकला होता. ती पुढे पाठविणारे हात कोणाचे होते? शाळकरी मुलांचे नव्हते. ‘आमच्या मुलांना जपा’ अशा कळकळीने पुढे पाठविणारे आईबाप, काका, मामा यांचेच ते हात होते. व्हॉट्सअ‍ॅपने त्याच महिन्यात भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविण्यावर बंधन आणिले. अंगठ्यावर बंधन यंत्राने घातले. जिभेवर आणि मनावर घालावयाचे ते ज्याचे त्यानेच घालावे लागते. जो पिता सकाळच्या चहाबरोबर दहा खोटे निरोप पुढे ढकलतो, त्याने संध्याकाळी मुलास ‘नेटवर दिसते ते सगळे खरे मानू नकोस’ असे सांगितले तर मुलगा ऐकून घेईल. मानील असे वाटत नाही.

आता जी हकिकत सांगावयाची ती अशाच एका घरातील आहे. गाव, शाळा, नाव काहीही सांगत नाही. सांगण्याचा आम्हांस अधिकारही नाही. नववीतील एका मुलीचे समारंभातील साधे छायाचित्र कोणीतरी उचलले, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने त्याची विटंबना केली, आणि तेच तिला पाठवून पैशांची मागणी सुरू केली. तीन महिने ती मुलगी कोणाशी बोलली नाही. आईच्या कपाटातून थोडे थोडे पैसे जाऊ लागले तेव्हा तिच्यावर चोरीचा आळ आला, आणि तोही तिने सोसला. अखेर तिच्या आत्याने तिला जवळ घेऊन विचारले, तेव्हा सर्व उघड झाले. ‘आम्हांला का सांगितले नाहीस?’ असे वडिलांनी विचारले असता तिने दोन कारणे दिली. एक, तुम्ही मोबाईल काढून घेतला असता. दुसरे, देवळात सगळ्यांना कळले असते.

या दुसऱ्या कारणापाशी आम्ही पुष्कळ वेळ थांबलो आहो. त्या अज्ञात खंडणीखोराजवळ भांडवल कोणते होते? ते खोटे चित्र? चित्र खोटे आहे हे मुलीस ठाऊक होते, आणि तिच्या घरच्यांनीही ते एका शब्दात मानले असते. त्याचे खरे भांडवल होते आपले बोलणे. पंगतीत, पायरीवर, हळदीकुंकवाच्या दिवशी जे बोलणे होईल, मुलगी उपवर झाली की जे आठवले जाईल, त्याच्या भयावर तो दूर कोठे तरी बसून पैसे मिळवीत होता. तो समाजास ओळखत नव्हता. परंतु असा समाज असतो हे त्यास ठाऊक होते आणि तेवढे त्याला पुरे होते. समाजाचा धाक मुलांस वाममार्गापासून वाचवितो असे आपण मोठ्या विश्वासाने म्हणतो. तो धाक या मुलीच्या बाबतीत कोणाच्या उपयोगी पडला?

कायद्याच्या दृष्टीने अशा प्रसंगी मूल गुन्हेगार नसून पीडित असते, हे स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा आणि 2012 चा पॉक्सो कायदा हे दोन्ही तिच्या बाजूस उभे आहेत. 1930 हा सायबर गुन्ह्यांसाठीचा आणि 1098 हा मुलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदविता येते. अमेरिकेतील, हरवलेल्या व छळ झालेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय केंद्राने ‘टेक इट डाउन’ नावाची विनामूल्य सोय 2023 साली जाहीर केली. तिच्यात चित्र कोणास पाठवावे लागत नाही. मोबाईलातच त्या चित्राचा एक सांकेतिक ठसा तयार होतो, आणि त्या ठशावरून सहभागी माध्यमे ते चित्र ओळखून काढू शकतात. पैसे देऊ नयेत, कारण मागणी थांबत नाही, वाढते. निरोप पुसून टाकू नयेत, कारण तोच पुरावा. हे सर्व त्या मुलीस कळावे यासाठी एकच गोष्ट आवश्यक होती. पहिल्या दिवशीच कोणापाशी तरी जाऊन तिला बोलता यावयास हवे होते.

तेव्हा मूळ प्रश्नाकडे येतो. त्या मुलीच्या आईने मोबाईल गुपचूप वाचला असता तर पहिल्याच आठवड्यात सारे कळले असते, असे कोणी म्हणेल; आणि तसे म्हणणाऱ्यास आम्ही खोटे पाडू शकत नाही. पाळतीने कधी कधी कळते. परंतु ती आई वर्षभर वाचीत आली असती तर मुलीने तो मोबाईल वापरलाच नसता. मैत्रिणीचा वापरला असता, दुसरे खाते उघडले असते. पंधरा वर्षांच्या मुलापुढे तांत्रिक चातुर्यात आपण टिकणार नाही, हे प्रत्येक घरात सिद्ध झालेले आहे. याहून मोठी हानी निराळीच. ज्याच्यावर चोरून नजर ठेवली जाते तो मनुष्य प्रामाणिक होत नाही, सावध होतो. सावधपणा हा प्रामाणिकपणासारखा दिसतो, आणि आईबाप कित्येक वर्षे त्यालाच प्रामाणिकपणा समजून समाधान मानतात.

म्हणून आमचे मत असे की, गुपचूप वाचणे हे योग्य नव्हे. उघड पाहणे मात्र वयोमानाप्रमाणे योग्य आहे, आवश्यकही आहे. दहा वर्षांच्या मुलाचा मोबाईल त्याचा नसतोच. तो घराचा असतो, दिवाणखान्यात असतो, रात्री आईच्या खोलीत चार्ज होतो, आणि आपण पाहणार आहो हे मुलास पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. इन्स्टाग्रामच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे तेरा वर्षांखालील मुलास खाते उघडता येत नाही. तरीही आपल्यातील काही पालक खोटी जन्मतारीख स्वतःच्या हाताने भरून देतात आणि मुलाच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ असत्याने करतात. तेरा ते सोळा हा काळ कठीण. त्या काळात कपाट राखावे, पान पाहू नये. कोणते साधन, किती वाजेपर्यंत, अनोळखी माणसाचे निरोप बंद आहेत की नाहीत, याचा करार समोरासमोर बसून करावा, आणि तो मोडला तर काय होईल हेही आधीच सांगावे. जेवताना मोबाईल नको असे ठरले तर तो बापाच्या हातीही नको. सोळावे वर्ष लागले की पुत्राशी मित्राप्रमाणे वागावे, असे जुने सुभाषित सांगते. ऑस्ट्रेलियाच्या पार्लमेंटने तेच सोळा वर्षे धरावीत, हा योगायोग असला तरी मनोरंजक आहे. गीतेच्या अखेरीस भगवंतही अर्जुनास सर्व काही सांगून झाल्यावर, याचा पुरता विचार कर आणि मग तुला इच्छा होईल तसे कर, असेच म्हणतात. अठरा अध्याय बोलून झाल्यावर निर्णय ऐकणाऱ्यावर सोपविणे हे सोपे नाही. आपल्यास तर अर्धा अध्यायही धीर धरवत नाही.

जिवास धोका दिसत असेल, मूल जेवत नसेल, झोपत नसेल, एकाएकी गप्प झाले असेल, पैसे जात असतील, तर मात्र नियमांची चर्चा करीत बसू नये. अशा वेळी मोबाईल हाती घ्यावा. परंतु मुलाच्या देखत घ्यावा, ‘मला भीती वाटते आहे म्हणून घेतो’ असे सांगून घ्यावा. घरास आग लागली असता दार फोडणारा चोर ठरत नाही, आणि त्याला चोरपावलांनी येण्याचे कारणही नसते.

त्या नववीतील मुलीचे छायाचित्र कोठून उचलले गेले, हे सांगावयाचे राहिले. एका नातेवाईकाने ते कौतुकाने, तिच्या नावासह व शाळेच्या नावासह, एका मोठ्या गटावर टाकले होते. मुंज, बारसे, अथर्वशीर्ष पठणातील बक्षीस, दहावीचे गुण, हे सर्व आपण असेच टाकतो. आणि ज्याचे ते चित्र आहे त्या मुलास विचारावे असे कोणास सुचत नाही. येत्या सर्वसाधारण सभेपुढे यासंबंधी एक सूचना येणार आहे. मुलांची छायाचित्रे गटावर टाकण्यापूर्वी पालकांस आणि, मूल दहा वर्षांवरील असल्यास, त्या मुलासही विचारावे. शाळेचे नाव देऊ नये. आणि कोणी काढण्यास सांगितले तर कारण न विचारता काढावे, अशी ती आहे. परगावी असणाऱ्या आजीआजोबांस नातवंडे कशी दिसणार, असा आक्षेप काही ज्येष्ठ सभासदांनी आताच घेतला आहे, व तो रास्त आहे. त्यांच्यासाठी छापील छायाचित्रे टपालाने पाठविता येतील किंवा कसे, आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, याचाही विचार त्याच सभेत व्हावयाचा आहे. सभेस मुलांनीही यावे, असे आम्ही सुचविले आहे.